जुन्या ट्रॅक्टरखालील गळतीचा माग कसा घ्यावा

सेनगाव तालुक्यातील काळ्या जमिनीत पेरणीचे दिवस मोजके असतात. मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस समाधानकारक झाला, जमिनीला वाफसा आला, की सोयाबीन, तूर व कापूस यांची पेरणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. अशा वेळी पहाटे गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या जुन्या ट्रॅक्टरखाली ओला, काळपट डाग दिसला, तर शेतकऱ्याच्या मनात चिंता उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ट्रॅक्टर आज चालेल काय, शेतात मध्येच बंद पडेल काय, दुरुस्तीस किती खर्च येईल, हे प्रश्न त्याच्यासमोर उभे राहतात.

अशा प्रसंगी दोन प्रकारच्या चुका होताना आढळतात. काही शेतकरी 'जुने यंत्र आहे, थोडे गळणारच' असे म्हणून डागाकडे दुर्लक्ष करतात. तेलाची पातळी हळूहळू उतरत जाते आणि एके दिवशी ऐन कामात इंजिन जाम होते. दुसरे काही शेतकरी घाबरून तत्काळ यंत्र खोलावयास लावतात. यात दोष नसलेला भाग बदलला जातो, पैसा व वाफशाचे दिवस दोन्ही वाया जातात, आणि गळती मात्र पूर्ववत राहते. या दोन्ही चुका टाळण्यासाठी गळतीचा माग पद्धतशीरपणे घेणे हाच योग्य मार्ग होय. त्यास महागड्या साधनांची गरज नाही. चिंध्या, जुना पुठ्ठा, खडूची पूड, विजेरी आणि थोडे धैर्य एवढ्यावर बहुतेक गळत्या सापडतात.

थेंब पडतो तेथे दोष असतोच असे नाही

या विषयातील मुख्य तत्त्व हे आहे. द्रव पदार्थ नेहमी उताराकडे वाहतो. ट्रॅक्टर चालू असताना पंख्याचा वारा त्यास मागे ढकलतो. म्हणून इंजिनाच्या वरच्या, पुढील भागातून झिरपलेले तेल बाजूने ओघळत, बोल्टच्या डोक्यांवरून व सांध्यांवरून सरकत, शेवटी सर्वांत खालच्या टोकाशी येऊन टपकते. जमिनीवरील डाग हे गळतीचे शेवटचे ठिकाण असते. तिचा उगम वर आणि पुष्कळदा पुढच्या बाजूस असतो. मुंगीच्या रांगेचा माग घेत वारुळापर्यंत जावे, त्याप्रमाणे थेंबापासून वर वर जात उगम शोधावा लागतो.

पहिली पायरी : द्रव कोणता आहे ते ओळखणे

ट्रॅक्टरमध्ये अनेक द्रव असतात आणि प्रत्येकाचा रंग, वास व स्पर्श वेगळा असतो. द्रव ओळखला की शोधाचे अर्धे क्षेत्र आपोआप वगळले जाते. यासाठी रात्री ट्रॅक्टरखाली स्वच्छ पुठ्ठा किंवा जुना पांढरा कागद अंथरावा आणि चाकांच्या जागा त्यावर खुणा करून दाखवाव्यात. सकाळी डाग पुढील चाकांजवळ, मध्यभागी, की मागील धुऱ्याखाली पडला हे त्यावरून स्पष्ट दिसते. नंतर डागाची पुढीलप्रमाणे परीक्षा करावी.

1. इंजिन ऑईल : वापरलेले असल्यास काळे, बोटांना बुळबुळीत लागते व जळका वास येतो.

2. गेअर ऑईल : इंजिन ऑईलपेक्षा घट्ट असते. रंग मधासारखा किंवा तपकिरी असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो.

3. हायड्रॉलिकचे तेल : पिवळसर व तुलनेने पातळ असते. अनेक ट्रॅक्टरांत गेअर बॉक्स, मागील धुरा व लिफ्ट यांना एकच तेल पुरवलेले असते. अशा ट्रॅक्टरात केवळ रंगावरून या तीन भागांत भेद करता येत नाही. म्हणून आपल्या ट्रॅक्टरची रचना पुस्तिकेत पाहून ठेवावी.

4. डिझेल : वासावरून तत्काळ ओळखता येते. कागदावर त्याचा डाग झपाट्याने पसरतो.

5. रेडिएटरचे पाणी : कूलंट घातलेले असल्यास हिरवे, गुलाबी किंवा निळे दिसते व स्पर्शास किंचित चिकट असते. नुसते पाणी असल्यास त्यात गंजाचा तांबूस रंग उतरतो.

6. बॅटरीचे आम्ल : पाण्यासारखे दिसते, परंतु आसपासच्या लोखंडावर पांढरट खार जमते. यास हात लावू नये. अंगावर पडल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

कोणताही द्रव चाखून पाहू नये. कूलंट चवीला गोडसर असले तरी ते विषारी असते. लहान मुले व जनावरे यांना त्यापासून दूर ठेवावे.

दुसरी पायरी : किती गळते ते मोजणे

'थोडे गळते' हे शब्द फसवे असतात. गळणारा द्रव उथळ भांड्यात धरावा आणि औषधाच्या मोजमापाच्या झाकणाने मोजावा. समजा, एका तासात 10 मिलिलिटर तेल साचले. त्याच वेगाने दिवसभरात 240 मिलिलिटर आणि 30 दिवसांत 7 लिटरहून अधिक तेल जाईल. सर्व वेळ गळती सारखी नसते हे खरे. तथापि या हिशेबावरून दुर्लक्ष करावे की नाही ते ठरवता येते.

याबरोबरच डिपस्टिक रोज पाहण्याची सवय असावी. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा असताना, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, पातळी पाहून वहीत नोंदवावी. पातळी उतरत असेल तर तेल बाहेर गळते किंवा इंजिनात जळते असे समजावे. जमिनीवर डाग नाही, परंतु धूर निळसर येतो, तर तेल जळत असण्याचा संभव अधिक.

पातळी उतरण्याऐवजी चढत असेल, तर ती बाब अधिक गंभीर होय. अशा वेळी डिझेल किंवा पाणी इंजिनाच्या तेलात मिसळत असते. तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असल्यास डिझेल पुरवठा पंपाचा पडदा किंवा सील निकामी झाल्याचा संशय घ्यावा. तेल दुधाळ दिसल्यास पाणी आत शिरले आहे. हेडचे पॅकिंग किंवा लायनरचे रबरी रिंग तपासून घ्यावे. ही गळती आतल्या आत होत असल्याने जमिनीवर काहीच दिसत नाही. दोन्ही स्थितींत ट्रॅक्टर चालवू नये, कारण बेअरिंगांना योग्य वंगण मिळत नाही.

तिसरी पायरी : पुसणे, पूड टाकणे व पाहणे

काळ्या मातीच्या प्रदेशात जुन्या ट्रॅक्टरच्या पोटाशी तेल, चिखल व धूळ यांचे जाड कीट बसलेले असते. हे कीट स्पंजाप्रमाणे तेल धरून ठेवते. त्यामुळे जुनी गळती कोणती व नवी कोणती हे कळत नाही. म्हणून प्रथम लाकडी पट्टीने कीट खरवडावे. नंतर थंड इंजिनावर थोड्या डिझेलने किंवा साबणाच्या पाण्याने भाग धुऊन चिंधीने कोरडा करावा. अल्टरनेटर, सेल्फ व तारा यांवर पाणी जाऊ देऊ नये.

भाग पूर्ण कोरडा झाल्यावर संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड हलक्या हाताने फुंकरावी. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली ओली रेघ लगेच उमटते. फिरणाऱ्या पट्ट्यांवर किंवा हवेच्या फिल्टरजवळ मात्र पूड टाकू नये. नंतर इंजिन 10 ते 15 मिनिटे चालवावे, बंद करावे आणि विजेरीच्या प्रकाशात वरून खाली पाहत यावे. जेथे ओल सर्वांत उंचावर दिसेल, तेथे किंवा त्याच्या लगत उगम असतो.

एकदा चालवून काही न आढळल्यास निराश होऊ नये. गळती केव्हा होते हेही महत्त्वाचे असते. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर दाबाखालील तेलाची नळी, फिल्टर किंवा तेलाच्या दाबमापकाचा सांधा तपासावा. उभ्या ट्रॅक्टरखालीही गळत असेल तर तेलाच्या पातळीखालील भाग, म्हणजे चेंबरचे पॅकिंग व निचऱ्याचा बोल्ट, तपासावेत. लिफ्ट उचलल्यावरच गळत असेल तर हायड्रॉलिकच्या नळ्या व सील पाहावेत. पाणी इंजिन तापल्यावरच गळत असेल तर होज पाईपच्या पट्ट्या व रेडिएटर पाहावेत. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक लहान भोक असते. त्यातून पाणी येऊ लागल्यास पंपाचे आतील सील झिजले आहे असे समजावे. ते भोक बुजवू नये, कारण ते दोषाची पूर्वसूचना देण्यासाठीच ठेवलेले असते.

एक उदाहरण

समजा, सेनगावच्या परिसरातील एका शेतकऱ्याजवळ पंचवीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरच्या मध्यभागी, क्लच हाऊसिंगच्या तळाशी असलेल्या लहान भोकाजवळ रोज सकाळी तेलाचा थेंब लोंबताना दिसतो. हे भोक मुद्दाम ठेवलेले असते. आत तेल झिरपलेच तर ते साचून क्लच प्लेट भिजू नये, बाहेर निघून जावे, हा त्याचा हेतू. मिस्तरी डाग पाहून सांगतो की, इंजिनाच्या मागील बाजूचे ऑईल सील गेले असून ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागेल. हे काम मोठे असते आणि वाफशाचे दिवस त्यात जातात.

मिस्तरीचा संशय निराधार नाही. तथापि यंत्र खोलण्यापूर्वी अर्धा दिवस माग घेण्यास देणे शहाणपणाचे ठरते. प्रथम थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. तो काळा व पातळसर आहे, त्यास गंधकाचा वास नाही. म्हणजे ते इंजिन ऑईल असून गेअर बॉक्सचे तेल नाही. त्यामुळे गेअर बॉक्सच्या पुढील सीलचा संशय मागे पडतो. आता दोन शक्यता उरतात. तेल हाऊसिंगच्या आतून येत असेल, किंवा इंजिनाच्या वरच्या भागातून ओघळून बाहेरील बाजूने त्या भोकापर्यंत पोचत असेल.

यानंतर इंजिनाची मागील बाजू व हाऊसिंग पुसून कोरडे करावे, सांध्यांवर पूड टाकावी आणि इंजिन चालवावे. पंधरा मिनिटांनी पाहिले असता टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्याशी पूड ओली झालेली आढळते. तेथून एक बारीक रेघ इंजिनाच्या मागील अंगाने उतरून हाऊसिंगच्या सांध्यावर आणि सांध्यावरून तळाशी आलेली दिसते. भोकाची आतील कड कोरडी व बाहेरील कड ओली आहे. याचा अर्थ मागील सील शाबूत असून दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये आहे.

परंतु येथेच थांबू नये. पॅकिंग का गळू लागले, हा पुढील प्रश्न विचारावा. इंजिन चालताना पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर ठेवलेला असतो. धुळीने ब्रीदर बुजला म्हणजे आतला दाब वाढतो आणि तेल चांगल्या सांध्यांतूनही बाहेर ढकलले जाते. नवे पॅकिंग किंवा नवे सील घालूनही काही दिवसांत पुन्हा गळती सुरू होते, त्याचे हे एक नेहमीचे कारण असते. म्हणून ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा, वाळवावा व मगच नवे पॅकिंग बसवावे. ब्रीदर स्वच्छ असूनही त्यातून जोराने धूर येत असेल, तर पिस्टनचे रिंग झिजल्याचा संशय घेऊन मोठ्या दुरुस्तीची तयारी ठेवावी.

याच उदाहरणात वरचा भाग कोरडा राहून भोकाची आतील कड ओली आढळली असती, तर मिस्तरीचे म्हणणे खरे ठरले असते. अशा वेळी ट्रॅक्टर वेगळा करणे लांबणीवर टाकू नये. क्लच प्लेट तेलाने भिजली म्हणजे क्लच घसरू लागतो आणि भरलेली ट्रॉली चढावर ओढताना अपघाताचा धोका निर्माण होतो. सारांश, मागाचा उपयोग खर्च टाळण्यासाठीच नव्हे, तर आवश्यक तो खर्च योग्य जागी करण्यासाठीही होतो.

मागील धुरा, ब्रेक व अवजारे

मागील चाकाच्या आतल्या बाजूस तेल ओघळलेले दिसल्यास विशेष सावध व्हावे. धुऱ्याच्या सीलमधून येणारे तेल कोरड्या प्रकारच्या ब्रेकवर गेले, तर ब्रेक लागत नाहीत किंवा एकाच बाजूस लागून ट्रॅक्टर वळतो. हळद किंवा सोयाबीन भरून हिंगोली वा वसमतच्या बाजारास जाणाऱ्या ट्रॅक्टरात हा दोष प्राणघातक ठरू शकतो. अशी गळती दुरुस्त होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये.

रोटाव्हेटर व पुढील चाकांचे हब येथे सुतळी, नायलॉनचा दोर, सोयाबीनचे काड किंवा वेल गुंडाळले जातात व सीलची कड कापतात. कामानंतर हे गुंडाळे रोज काढून टाकावे. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास व्हॉल्व्हमधून होणारी गळतीही कधी कधी इंजिनाची समजली जाते. टायरजवळील ओल तपासताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग

भारतात आयशर कंपनीचा ट्रॅक्टर 1959 मध्ये फरिदाबाद येथे तयार झाला. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-275 हा ट्रॅक्टर महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाला. पिंजोर येथील एच.एम.टी. चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. अशा जुन्या यंत्रांचे मूळ सुटे भाग सहज न मिळाल्यास शेतकऱ्याने हताश होण्याचे कारण नाही. ऑईल सीलवर बहुधा तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 35, 52, 7. पहिला आकडा आतील व्यास, दुसरा बाहेरील व्यास व तिसरा जाडी मिलिमीटरमध्ये दाखवतो. या मापावरून तेच सील अन्य दुकानातही मिळू शकते. जुने सील फेकण्यापूर्वी हे आकडे वहीत उतरून घ्यावेत.

सील बदलताना ते ज्या दांड्यावर बसते तेथे नखाला लागेल अशी चर पडली आहे काय, तेही पाहावे. चर पडलेल्या दांड्यावर नवे सीलही टिकत नाही. डिझेलच्या नळ्यांच्या सांध्यांतील तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालावेत. गळती थांबवण्यासाठी बोल्ट अवाजवी जोराने आवळू नयेत. त्यामुळे कव्हर वाकते, आटे जातात व गळती वाढते.

डिझेलच्या टाकीस बारीक छिद्र पडल्यास धुण्याचा साबण घासून ते तात्पुरते बुजवता येते, कारण साबण डिझेलमध्ये सहजी विरघळत नाही. हा उपाय घरी पोचण्यापुरताच समजावा. टाकी पूर्ण रिकामी करून धुतल्याशिवाय तिला वेल्डिंग करू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.

जिवाची काळजी

1. ट्रॅक्टरखाली शिरण्यापूर्वी इंजिन बंद करावे, चावी काढून घ्यावी, ब्रेक लावावा व चाकांस दगड लावावेत. केवळ जॅकवर किंवा लिफ्टवर उचललेल्या भाराखाली कधीही जाऊ नये.

2. चालू इंजिनाजवळ धोतर, उपरणे, पदर यांसारखे सैल वस्त्र असू नये.

3. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

4. नोझलकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीत हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब असू शकतो. तेथील किंवा हायड्रॉलिक नळीतील बारीक फवारा हाताने चाचपू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. शोधासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. फवारा अंगात शिरल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

5. डिझेल गळत असताना बिडी, काडी किंवा कंदील जवळ आणू नये.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. ते पाण्यावर पसरून जनावरांच्या व माणसांच्या पिण्याचे पाणी बिघडवते. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीस द्यावे.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने शिकवावा. वैशाखात, पेरणीपूर्वी, गावातील एखादा जुना ट्रॅक्टर चावडीसमोर आणावा. त्याखाली कागद अंथरावा, कीट काढावे, पूड टाकावी आणि जमलेल्या शेतकऱ्यांकडूनच उगम शोधून घ्यावा. गावातील मिस्तरीस अवश्य बोलवावे व त्याच्या अनुभवास मान द्यावा. शेतकरी, चालक व मिस्तरी या तिघांनी एकच डाग एकत्र पाहिला म्हणजे परस्परांविषयीचा संशय दूर होतो. प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एक वही ठेवून तेलाची पातळी, डागाची जागा व बदललेला भाग यांची नोंद करावी. वर्षभराच्या नोंदीवरून यंत्राची खरी प्रकृती कळते.

आधी द्रव ओळखावा, मग मोजावा, मग पुसून पाहावे आणि उगम सापडल्यावरच पाना हाती घ्यावा. हा क्रम पाळल्यास जुना ट्रॅक्टरही पेरणीच्या दिवसांत भरवशाचा सोबती ठरेल आणि वाफसा हातचा जाणार नाही.